कुंभारकन्येच्या सोबतीला

बाजरीच्या पेंढीला शालू नेसवणं चाललंय. होम मैदानावरच्या कट्ट्यापाशी मानकरी ओणवे झालेत. त्यांच्या पांढऱ्या बाराबंद्यांमधून जरीचा एक काठ दिसतो आणि लगेच झाकला जातो. मी कठड्याच्या बांबूला छाती टेकून टाचा उंचावते. पेंढीला हळूहळू कंबर येते, खांदे येतात. कुणी निऱ्या धरून ठेवल्यात, कुणी सुतळी आवळतंय. मग चुडा. हिरव्या बांगड्या चढवणाऱ्याचा हात थबकतो, कारण काड्यांची जुडी बांगडीपेक्षा जाड भरलीय. तो घाई करत नाही. एक काडी ओढून काढतो, मग दुसरी, तिसरी. बांगडी सरकवून बघतो. आणखी एक काडी काढतो. काढलेल्या काड्या खाली टाकत नाही, कट्ट्याच्या कडेला नीट जुळवून ठेवतो. बांगडी बसते.

"बसली," माझ्या शेजारून आवाज येतो. "हिकडं सरक पोरी, हितनं दिसतंय. तिकडं वाकून काय बघलालीस?"

मी सरकते. कानाला मफलर गुंडाळलेली, साठी ओलांडलेली एक बाई मला कठड्याशी जागा करून देते. मागून गर्दीचा लोट येतो तसा ती कोपर बाहेर काढून तो थोपवते आणि पुन्हा समोर बघते. आजूबाजूच्या बाया तिला अक्का म्हणतायत, म्हणून मीही अक्काच म्हणते. तिच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सारखा घासतोय. हातात काहीच नाही. जरा वेळ बघितल्यावर लक्षात येतं, हा हात बिडी वळतोय. पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही, तरी वळतोय. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे बोट ओळखू येतं. घराघरात मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बाया, फर्मा लावून कात्रीने कापलेलं तेंदूचं पान, चिमटीने भरलेला जर्दा आणि दिवसाअखेर मोजायच्या हजार बिड्या.

"अक्का, कुठून आलात?"

"कुंभारीस्नं. गोदूताईतनं."

म्हणजे कामगार नेते आडम मास्तरांच्या लढ्यातून उभ्या राहिलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून. बिडी कामगार बायकांची ती 10,000 घरं, 2006 साली त्यांच्या ताब्यात आलेली. तिथून इथवर यायला शेअर रिक्षा, मग चालणं. मी विचारते, एकट्याच आलात? ती कट्ट्याकडेच बघत मान हलवते. "दरसाल येकटीच येते."

मंगळसूत्र चढतं. जोडवी येतात. कुणीतरी चेहऱ्याच्या जागेला हळदकुंकू लावतं आणि आता ती पेंढी राहत नाही. कठड्यापाशी ज्या गप्पा चालल्या होत्या त्या अर्ध्यात तुटतात. एक पोरगा आईच्या खांद्यावरून विचारतो, "नवरी?" आई म्हणते, "नवरी."

हिचं लग्न कालच लागलंय. भोगीच्या दुपारी सिद्धेश्वराच्या देवळाशेजारी सम्मती कट्ट्यासमोर मी उभी होते. लग्नाची सम्मती वाचली जात होती आणि 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' कानावर पडलं की हजारो मुठी एकदम उघडत होत्या. नवऱ्याच्या जागी नंदीध्वज: सिद्धरामांच्या योगदंडाचं प्रतीक. दोन मजल्यांहून उंच, असे सात नंदीध्वज, आणि तेही एका घरचे नाहीत. पहिला देवस्थानचा, दुसरा देशमुखांचा, मग माळ्यांचा, सोनारांचे, मातंगांचे. वऱ्हाडात कोण नाही असं नाही. कालच्या अक्षता माझ्या पिशवीच्या तळाशी अजून आहेत. बोटांना लागतात.

आणि आज संक्रांत, म्हणून आज होम.

गोष्ट अशी सांगतात. बाराव्या शतकात, सोलापूर सोन्नलगी होतं तेव्हा, सिद्धराम नावाचा योगी इथे राहत होता. बसवण्णांचा समकालीन, कन्नडमध्ये वचनं लिहिणारा, माणसं गोळा करून तलाव खोदणारा. गावाभोवती त्याने अडुसष्ट लिंगं स्थापली. तो ध्यानाला बसे त्या जागी एक कुंभाराची मुलगी रोज पहाटे येई, अंगण झाडी, सडा टाकी, रांगोळी काढी. एक दिवस तिने लग्नाची इच्छा सांगितली. तो म्हणाला, मी योगी, लग्न करणार नाही. हवं तर माझ्या योगदंडाशी कर. तिने केलं. आणि मग ती अग्नीत गेली.

एवढीच गोष्ट. तिच्या बापाचं चाक कुठे फिरत होतं ते कुणी सांगत नाही. तिचं नाव कुणी सांगत नाही. आठशेहून अधिक वर्षं या शहराने तिचं दरसाल लग्न लावलं, दरसाल तिला शालू घेतला, चुडा भरला. सगळे तिला कुंभारकन्याच म्हणत आले.

लांबून हलगी ऐकू येते. नंदीध्वज निघालेत. जुन्या फौजदार चावडीपाशी पहिल्या नंदीध्वजाला नागफणी बांधतात, ती घेऊन इथवर यायचं म्हणजे पेलणाऱ्याची परीक्षा असते. वर फण्याचं वजन, खाली एका माणसाची कंबर, आणि मध्ये ती उंची. जरा वारा आला तरी टोक डोलतं आणि खालच्या माणसाला त्या डोलण्याखाली पळत जाऊन उभं राहावं लागतं. इथून अजून काही दिसत नाही, फक्त आवाज जवळ येतो, थांबतो, पुन्हा जवळ येतो. थांबला की लोक आपापसांत सांगतात, "दम घेतलेत." कुणी कन्नडमध्ये सांगतं, कुणी तेलुगूत. अक्का मागच्या बाईशी तेलुगूत बोलते, पुढच्या पोलिसाशी मराठीत आणि कडेच्या चुरमुरेवाल्याशी कन्नडमध्ये. तीनही भाषांत तिचा आवाज तोच, जरासा खडा.

वाट बघताना मान आपोआप वर जाते. गड्ड्याच्या, म्हणजे या यात्रेच्या झगमगाटात तारे फार दिसत नाहीत, पण मृग दिसतं. संक्रांतीच्या दिवसांत रात्री नऊ-दहाला ते इथून जवळपास डोक्यावर येतं, जरासं दक्षिणेला कललेलं. त्याच्या एका कोपऱ्यात तांबूस काक्षी, समोरच्या कोपऱ्यात पांढरा-निळसर राजन्य. राजन्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे साडेआठशे वर्षं लागतात. त्यात थोडं इकडेतिकडे धरलं तरी हिशेब बाराव्या शतकाकडेच जातो. हा जो ठिपका माझ्या डोळ्यात शिरतोय तो निघाला तेव्हा सोन्नलगीत तलाव खोदला जात होता, कुणीतरी मुलगी कुणाच्यातरी अंगणात झाडू मारत होती. वाटेत त्याने काहीच पाहिलं नाही आणि शेवटी येऊन पडला तो कानटोप्या आणि फुग्यांच्या गर्दीतल्या एका माणसाच्या बुबुळावर. हे मला नुसतं माहीत होतं तेव्हा काही झालं नव्हतं. इथे, ही पेंढी समोर असताना, ते अंगावर येतं.

आणि आजचा दिवसही जागचा हललेला आहे. संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. सिद्धरामांच्या काळची संक्रांत आजच्या तारखेला पडत नव्हती. आपण ज्याला ठरलेला मुहूर्त म्हणतो तोही चालतोच आहे. कुणाच्या एका आयुष्यात तो जेमतेम एक पाऊल टाकतो म्हणून आपल्याला थांबलेला वाटतो, इतकंच.

"काय गं, वर काय बघतीस?" अक्का विचारते.

"तारा."

तीही बघते. "कंचा?" मी बोटाने दाखवते. तिला तो सापडतो. ती बराच वेळ बघते आणि मग म्हणते, "लै लांब हाय." तेवढ्यात पुढे गलका होतो.

आले. आधी हालता फणा दिसतो, मग खालचा घामाने चमकणारा कपाळपट्टा. दोन्ही हात जवळजवळ मोकळे, डोळे वर टोकाला लागलेले, पाय बुटक्या चालीने पुढे. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" आणि मैदान उत्तर देतं. त्या माणसाच्या मानेची शीर मला इथून दिसते. त्याला या क्षणी गर्दी नाही, आवाज नाही, गावही नाही. त्याच्यापुढे फक्त ते टोक आहे, आणि ते टोक डावीकडे गेलं की त्यालाही डावीकडे जायचंय. कितीतरी ध्यानाच्या शिबिरांत जे समजावून सांगता येत नाही ते हा माणूस पट्ट्याला पेलून चाललाय.

नंदीध्वज होमकुंडाभोवती फिरू लागतात. त्या प्रदक्षिणा चालू असताना माझ्या मनात जे येतं ते आज नव्याने येत नाही, पण आज ते बाजूला सारायचं नाही असं ठरवून मी आलेय.

सिद्धराम लहान होते तेव्हाची एक गोष्ट या गावात प्रत्येकाला पाठ आहे. मुद्दुगौडा आणि सुग्गलादेवीचं हे मूल रानात होतं. एक जंगम आला. मुलाने त्याला हुरडा दिला. जंगमाने दहीभात मागितला. मूल धावत घरी गेलं, परत येईतो जंगम गेलेला. मग ते मल्लय्या, मल्लय्या म्हणत रडत निघालं, वाटेतल्या यात्रेकरूंबरोबर थेट श्रीशैलापर्यंत गेलं. तिथेही मल्लय्या दिसेना तेव्हा त्याने कड्यावरून उडी घेतली. आणि मल्लिकार्जुनाने त्याला वरच्यावर झेललं.

दुसरी गोष्ट अक्काच्या पूर्व भागातली. मार्कंडेय, पद्मशाली विणकरांचा मूळपुरुष. सोळाच वर्षांचं आयुष्य लिहून आलेला मुलगा. यम आला तेव्हा त्याने लिंगाला मिठी मारली, फास लिंगावरही पडला आणि शंकराने यमालाच परतवलं. नारळी पौर्णिमेला त्याचा रथ निघतो तेव्हा सगळा पूर्व भाग रस्त्यावर असतो. मरणाच्या हातून सुटलेल्या पोराचे वंशज हजारो माग चालवत आले, चादरी विणत आले.

एक मुलगा कड्यावरून उडी घेतो, त्याला झेलतात. एकाच्या गळ्यात फास पडतो, तो सोडवतात. कुंभाराची मुलगी आगीत जाते, तिला कुणी झेलत नाही.

याचं उत्तर म्हणून प्रवचनांतून सांगतात की हे जीवशिवाचं मीलन आहे, देह जळतो आणि ती त्याच्यात मिळून जाते. ज्यांची त्यावर श्रद्धा आहे त्यांच्याशी मला भांडायचं नाही. सिद्धरामांनीही शेवटी देह ठेवलाच; तलावाच्या मधोमध त्यांची समाधी आहे. मरणाला पार करून जाणारं काहीतरी आहे असं मानल्याशिवाय माणसाला जगणं जड जातं, हे मी माझ्याच घरात पाहिलंय. पण मीलन म्हटलं की त्या मुलीचं एकटेपण झाकलं जातं, आणि ते झाकू नये असं मला वाटतं. तिने मागितलं काय होतं? ज्याचं अंगण आपण रोज झाडतो त्याच्या घरात राहायचं. मिळाला दंड, आणि मग अग्नी.

या गोष्टीतलं मला सगळ्यात खरं वाटणारं वाक्य लग्नाचंही नाही, अग्नीचंही नाही. ती रोज पहाटे येई, हे आहे. लग्न एक दिवसाचं. होम एक रात्रीचा. सणाने हे दोन दिवस धरून ठेवले. पण त्याआधीच्या पहाटा? किती असतील? थंडीतल्या, पावसातल्या, अंग दुखत असतानाच्या. शेण कालवून गार पडलेले हात. रांगोळीची चिमूट. तिने जगायचं म्हणून जे जगून घेतलं ते त्या पहाटांमध्ये आहे, आणि त्यांची यात्रा भरत नाही. भरणारही नाही, रोजची गोष्ट मिरवता येत नाही. माझ्या आजीने जन्मभर केलेल्या भाकऱ्यांतली एकही मला वेगळी आठवत नाही, तिचा शेवटचा दिवस मात्र तासातासाने आठवतो. मरण आठवणीतली सगळी जागा व्यापून बसतं, आणि ज्याच्यामुळे त्या माणसाचं जाणं जाणवलं ते सगळं बिचारं कडेला राहतं.

अग्नी देतात.

बाजरीची पेंढी धुमसत नाही, एकदम घेते. आधी खालून एक पिवळी जीभ निऱ्यांना लागते. निऱ्या क्षणभर फुगतात, त्यांच्यात वारा शिरल्यागत होतात, आणि मग जर आकसून काळी पडते. वास येतो तो करपलेल्या भाकरीचा; भोगीच्या भाकरीचाच, तव्यावर विसरलेल्या. उष्णतेने पुढची रांग मागे हटते. ठिणग्या वर जातात आणि मृगापर्यंत पोचायच्या आधीच विझतात. बांगडीची काच कुठेतरी तडकते. तो आवाज एवढ्या गर्दीत मला खरंच ऐकू आला की चुडा भरताना पाहिला म्हणून ऐकू आला, सांगता येत नाही. लोक हात जोडून उभे आहेत. 'हर्र बोला हर्र' उसळतं, ओसरतं.

अक्काचं बोट थांबलंय. रात्रभरात पहिल्यांदाच.

आगीच्या उजेडात तिची मनगटं दिसतात. मोकळी. मला आधीच दिसायला हवी होती असं काही नाही, पण आता दिसतात. आज घरोघरी हळदीकुंकू सुरू झालं असेल, वाणं लुटली जात असतील. मी हळूच विचारते, "अक्का, वाईट वाटत नाही बघताना?"

"वाटतं की." ती समोरच बघते. "म्हणून तर येते. लग्नाला समदं गाव येतं. अक्षदा टाकायला कोण बी येतं. जाताना कोणतरी पायजे का नको?"

मी काही बोलत नाही. थोड्या वेळाने तीच बोलते. "आमचे मालक कोरोनात गेले. दवाखान्यातनंच नेले परस्पर. माजं पोरगं फाटकाभाईर हुतं, मी घरात. त्येंचं तोंड बगिटलं नाही कोणी. प्लास्टिकात हुते म्हणं." एवढं सांगून ती मफलर सारखा करते. आवाजात रडणं नाही. ही गोष्ट तिने पुष्कळदा सांगितलेली असावी, किंवा कधीच नाही.

2020चा तो उन्हाळा या शहराला आठवतो. त्यानंतरच्या संक्रांतीला यात्राही भरली नव्हती, मोजक्या मानकऱ्यांनी विधी उरकले होते. म्हणजे त्या वर्षी या नवरीलाही निरोप द्यायला गाव नव्हतं. हे माझ्या आजवर ध्यानात आलं नव्हतं. गड्डा भरला नाही, पाळणे आले नाहीत, धंदा बुडाला, हे सगळे बोलले. रिकाम्या मैदानावर एक नवरी मोजक्या माणसांत गेली, हे कुणी बोललं नाही. अक्काला विचारावं का, त्या वर्षी तुम्ही काय केलंत? मी विचारत नाही.

पण तिच्या बोलण्याने दुसरं एक आठवतं. गड्ड्याच्या याच दिवसांत 12 जानेवारीला सोलापूर चार हुतात्म्यांना हार घालतं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. 1930च्या मे महिन्यात या गावावर मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931ला या चौघांना फाशी झाली, पण ती इथे नाही, येरवड्याला, पुण्यात. गाव इथे, माणसं तिथे. त्या पहाटे यात्रेच्या तयारीत असलेलं हे शहर त्यांना बघू शकत नव्हतं. दरवर्षी त्यांच्या पुतळ्यांसमोर शाळेची मुलं रांगेत उभी राहतात तेव्हा आपण त्याला अभिवादन म्हणतो. अक्काच्या शब्दांत बोलायचं तर तो उशिरा पोचलेल्यांचा निरोप आहे. होम बघायला येणाऱ्या या हजारोंपैकी कितीजण अशा कुठल्यातरी हुकलेल्या निरोपासाठी येत असतील कुणास ठाऊक. शेजारचा पोलीसही टोपी काढून उभा आहे.

मरण समजून घ्यायचं म्हणून मी पुष्कळ वाचलं. उपनिषदातल्या नचिकेतापासून सुरुवात केली, तोही यमाच्या दारात उभा राहिलेला मुलगाच. त्यातल्या कितीतरी गोष्टी मनाला पटल्या, टिकल्याही. पण मेल्यावर काय होतं याचं उत्तर शोधताना, जाणाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं असतं ही साधी बाब त्यात कुठे सापडली नाही, आणि हजार बिड्या वळून, रिक्षाने आणि मग पायी येऊन, गर्दीत कोपर रोवून उभ्या राहिलेल्या या बाईला ती माहीत आहे. काड्यांच्या पेंढीसाठीही माहीत आहे. माणूस जे बघून चकित होतो ते फक्त आकाशात नसतं.

आग खाली बसते. शालू, चुडा, जोडवी आता वेगळी ओळखू येत नाहीत. गर्दी एकाएकी सैल होते आणि लगेच दुसरीकडे वळते, कारण होमानंतर भाकणूक. देशमुखांचं वासरू दिवसभर उपाशी ठेवलेलं असतं. त्याच्यापुढे धान्य, गाजरं, बोरं, खोबरं, विड्याची पानं मांडायची आणि ते काय करतं त्यावरून वर्ष कसं जाईल ते सांगायचं. तिथवर आम्ही पोचतच नाही. रस्ता माणसांनी भरलाय. बातमी मात्र माणसांवरून उड्या मारत आमच्यापर्यंत येते.

"मुतलं का?"

"मुतलं म्हणं."

"कुठं मुतलं, नुस्तं उभं हुतं!"

"मुतलं बे, माजा भाव फुडं हाय."

वासराने मूत्र केलं तर पाऊस चांगला. कशाला तोंड लावलं नाही तर भाव स्थिर. बिथरलं तर वर्ष अस्वस्थ. एक म्हातारा शेतकरी प्रत्येकाची उलटतपासणी घेतोय. त्याचा चेहरा बघून यावर हसावंसं वाटत नाही. सोलापूर जिल्ह्यात ज्याची कोरडवाहू ज्वारी उभी आहे त्याला उद्याची खबर कुठूनही आली तरी ऐकावीच लागते. हवामान खात्याचा अंदाजही तो तितक्याच गांभीर्याने ऐकत असणार. आता कुणी सांगतं की वासराने गाजर हुंगलं आणि सोडून दिलं. म्हातारा मान डोलावतो. भुकेलं वासरू, समोर एवढं अन्न, भोवती एवढे दिवे, आणि सगळं गाव श्वास रोखून बघतंय की आता हे काय करतं. आपल्या सगळ्यांच्या पुढच्या वर्षाची किल्ली ज्याच्याकडे दिलीय त्याला स्वतःला काही म्हणजे काही ठाऊक नाही. बहुधा म्हणूनच त्याच्याकडे दिली असेल. माणसाकडे दिली असती तर त्याने आपल्या सोयीचं सांगितलं असतं.

अक्काला भाकणुकीत रस नाही. "माजं काय शेत हाय व्हय," म्हणते. तिला भजी हवीत. आम्ही गड्ड्यात शिरतो. दोन पावलांवर जग बदलतं. लाह्यांचे ढीग, रेवड्या, भेंडबत्तासे, प्लास्टिकच्या बंदुका, आकाशपाळण्यात किंचाळणाऱ्या पोरी. मिरचीची भजी कागदावर येतात, तेल कागदातून बोटाला लागतं. अक्का फुंकर न घालता खाते. पैसे मी काढते तशी ती माझा हात खाली दाबते. "मोठी कोण? तू का मी?" भजीवाल्याशी कन्नडमध्ये चार शब्द होतात आणि आणखी एक भजं फुकट येतं. अर्ध्या तासापूर्वी जिथे हात जोडले त्या आगीचा धूर अजून इथल्या दिव्यांभोवती आहे. त्या धुरात लोक खातायत, भांडतायत, पोरांना हाका मारतायत. मला हे खटकत नाही. उलट, एवढं बघून आल्यावर भूक लागणं हेच मला नीट वाटतं.

"ते बघायचं का?" अक्का हनुवटीने दाखवते. फळ्यांचं उंच गोल पिंप, वर दिव्यांची माळ आणि लाल अक्षरांत 'मौत का कुआँ'. आतून गाडीचा आवाज येतोय, फुटका, काढलेल्या सायलेन्सरचा.

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"लै भ्या वाटतं. दरसाल बगते."

तिकिटं तीच काढते. लोखंडी जिना माणसांच्या वजनाने थरथरतो. वर आलो की खाली विहीर. तळाशी दोन मोटरसायकली आणि एक जुनी मारुती उभी. फळ्या जागोजागी चाकांनी घासून काळ्या झाल्यात, कुठे कुठे दोन फळ्यांमधून बाहेरचा उजेड दिसतो. चालवणारा पोरगा विशीतला असेल. हेल्मेट नाही. गाडीला हात लावून कपाळाला लावतो, बसतो, खालच्या उतरत्या फळ्यांवर दोन फेऱ्या घेतो आणि तिसऱ्या फेरीला भिंतीवर असतो. उभ्या भिंतीवर, आडवा. सगळी विहीर हलू लागते. कठडा माझ्या पोटात कापतो.

हे कसं होतं ते शाळेत शिकवलंय. वेग आहे तोवर भिंत चाकाला दाबून धरते, तो दाब आहे तोवर घर्षण आहे, घर्षण आहे तोवर खाली पडणं नाही. वेग एका मर्यादेखाली गेला की हिशेब संपला. म्हणजे त्याला थांबायची सोय फक्त तळाशी आहे. हे सगळं ठाऊक असूनही तो माझ्या पायांखालून गेला की माझा श्वास अडकतो. ठाऊक असल्याने काही कमी होत नाही.

पोरगा दोन्ही हात सोडतो. लोक शिट्ट्या मारतात. काठाकडे चढत येतो तशा वरून नोटा पुढे होतात. तो जाता जाता उचलतो. एक, मग पलीकडची एक. अक्का कमरेची पिशवी चाचपते, चुरगळलेली दहाची नोट काढते, मांडीवर घासून सरळ करते आणि कठड्याबाहेर हात लांब करते. नोट त्या बोटांत आहे, अंगठा आणि तर्जनी.

"अक्का, हात आत घ्या," मी ओरडते. तिला ऐकू येत नाही, किंवा येतं.

तो येतो. आवाज आमच्या अंगावर येतो, पेट्रोलचा भपका, त्याच्या शर्टाचा फडका, आणि नोट राहते. हुकली. तो खाली घसरतो, पलीकडून फिरतो. आजूबाजूचे हात मागे झालेत. अक्काचा हात तसाच आहे, किंचितही हलत नाही. ती तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघतेय. खाली, मग समोर, मग वर. पुन्हा फळ्या थरथरतात. तो वर चढतो, हात लांबवतो, आणि नोट गेलेली असते. अक्का मोठ्याने हसते. इतका वेळ मी तिचं हसणं पाहिलंच नव्हतं. पुढचे दोन दात नाहीत.

"घेतलंन की गं! बगिटलीस का?"

"बघितलं."

"चल आता," ती मफलर आवळते आणि जिन्याकडे वळते. "पानं भिजत घालून आलेय. लै वेळ राहिली तर काळी पडत्यात."